लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टिम: एक ब्लॉक लिहायला किती ब्लॉक लागतात?

नोंदवही (धागाकर्ता)

लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टिमचा (जुना डेटा जागच्या जागी न बदलता प्रत्येक बदल नव्या जागी, लॉगच्या शेवटी सलग लिहिणाऱ्या फाइलसिस्टिमचा) विषय निघाला की "सगळं सलग लिहिते, म्हणून वेगवान" एवढ्यावर बोलणं संपतं. डेटापुरतं ते खरंच आहे. पण डेटा नव्या जागी गेला की त्याचा पत्ता बदलतो, आणि बदललेला पत्ता कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. तो ज्या ब्लॉकात लिहिलेला असतो तो ब्लॉकही जागच्या जागी बदलायचा नाही असा नियम आहे. मग तोही नव्या जागी जातो, त्याचाही पत्ता बदलतो, आणि ही साखळी मुळापर्यंत चढते. यालाच वाँडरिंग ट्री म्हणतात. ही साखळी कुठे आणि कशी तोडली आहे, यावरच अशा फाइलसिस्टिमचा वेग ठरतो, असं माझं ठाम मत आहे. क्लीनरची (मेलेल्या ब्लॉकांची जागा मोकळी करणाऱ्या भागाची) धोरणं, हॉट-कोल्ड (वारंवार आणि क्वचित बदलणाऱ्या डेटाची) वर्गवारी वगैरे त्यानंतर येतात.

उदाहरण घेऊ. २० जीबीची फाइल आहे, साधारण १५ जीबीच्या पुढचा एक ४ केबीचा ब्लॉक बदलला आणि एफसिंक केलं (तो बदल डिस्कवर पोहोचवायला सांगितलं). पॉइंटरच्या (पत्त्यांच्या) झाडासाठी लिनक्समधल्या एफटूएफएस या लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टिमची मापं वापरतो. आयनोडात (फाइलीची माहिती आणि पत्ते ठेवणाऱ्या ब्लॉकात) ९२३ डेटा-पत्ते असतात, शिवाय २ डायरेक्ट नोड, २ इनडायरेक्ट नोड आणि १ डबल इनडायरेक्ट नोड यांचे दुवे. डायरेक्ट नोडात डेटाचे पत्ते, इनडायरेक्टमध्ये डायरेक्ट नोडांचे दुवे, डबल इनडायरेक्टमध्ये इनडायरेक्टांचे. प्रत्येक नोड-ब्लॉकात १०१८ जागा. (४०९६ बाइटमधून ब्लॉकाच्या शेवटी असलेल्या फूटरचे २४ वजा केले की ४०७२ उरतात, प्रत्येक पत्ता ४ बाइटचा.) आयनोडातल्या थेट पत्त्यांत ३.६ एमबी बसतात, २ डायरेक्ट नोडांत सुमारे ८ एमबी, २ इनडायरेक्ट नोडांखाली सुमारे ७.९ जीबी. म्हणजे १५ जीबीच्या पुढचा ब्लॉक डबल इनडायरेक्टखाली येतो.

साखळी कुठेच तोडली नसेल तर डेटा, डायरेक्ट, इनडायरेक्ट, डबल इनडायरेक्ट आणि आयनोड असे ५ ब्लॉक लिहावे लागतील, वर आयनोडचा नवा पत्ता सांगणारा आणखी एक. बदल ४ केबीचा, लिखाण २४ केबीचं.

रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांनी १९९१ साली मांडलेल्या स्प्राइट एलएफएसमध्ये (स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉग-स्ट्रक्चर्ड फाइलसिस्टिममध्ये) ही साखळी आयनोडपाशी तोडली होती. आयनोड-क्रमांकावरून त्याचा सध्याचा पत्ता सांगणारा आयनोड-मॅप ठेवला, त्यामुळे डिरेक्टरीत फक्त क्रमांक लिहिलेला असतो आणि आयनोड हलला तरी डिरेक्टरीला हात लावावा लागत नाही. पण आयनोडच्या खालची साखळी तशीच राहिली. आणि मॅपसुद्धा लॉगमध्येच लिहायचा. त्यांचीच मोजमापं बोलकी आहेत: डिस्कवरच्या जिवंत (अजून वापरात असलेल्या) माहितीत ९९ टक्क्यांहून जास्त वाटा फाइल-डेटा आणि इनडायरेक्ट ब्लॉकांचा. लॉगमध्ये लिहिल्या गेलेल्या माहितीत मात्र सुमारे १३ टक्के आयनोड, आयनोड-मॅप आणि सेगमेंट-तक्ता (डिस्कच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा, म्हणजे सेगमेंटांचा हिशेब) यांचे, त्यात एकट्या आयनोड-मॅपचे ७ टक्क्यांहून जास्त. चेकपॉइंट (मेटाडेटाची सुसंगत अवस्था डिस्कवर नोंदवणं) दर ३० सेकंदांनी होत असल्यामुळे हे होत असावं, असा त्यांचाच अंदाज होता. डिस्कवर जवळजवळ जागाच न घेणारी गोष्ट लिखाणात एवढा वाटा खाते, हे लक्षात ठेवून पुढची चर्चा करू.

कर्नलवाचक

चांगला धागा. एफटूएफएसने (लिनक्स ३.८, २०१३) साखळी एक पायरी खाली, नोडपाशी तोडली. आयनोड, डायरेक्ट, इनडायरेक्ट या सगळ्यांना तिथे "नोड" म्हणतात आणि प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक मिळतो. वरच्या नोडमध्ये खालच्या नोडचा पत्ता लिहिलेला नसतो, क्रमांक लिहिलेला असतो. क्रमांकावरून पत्ता नॅट या तक्त्यात शोधायचा. त्यामुळे तुमच्या उदाहरणात डेटा-ब्लॉक आणि त्याचा डायरेक्ट नोड एवढेच हलतात. इनडायरेक्ट आणि डबल इनडायरेक्ट जागचे हलत नाहीत. नॅटमधली एक नोंद बदलते, ती ९ बाइटची: १ बाइट आवृत्ती, ४ बाइट आयनोड-क्रमांक, ४ बाइट पत्ता.

हा नॅट लॉगमध्ये नाहीच, इथे खरी मेख आहे. तो व्हॉल्यूमच्या सुरुवातीला ठरलेल्या जागी असतो. प्रत्येक नॅट-ब्लॉकाच्या दोन प्रती, आणि त्यातली चालू कोणती हे चेकपॉइंटमधला बिटमॅप सांगतो. नवी नोंद नेहमी दुसऱ्या प्रतीत जाते, चेकपॉइंट पूर्ण झाला की बिट उलटतो. चेकपॉइंटचेही दोन संच आळीपाळीने लिहिले जातात. मध्येच वीज गेली तर ज्या संचाचं शीर्ष आणि शेपूट जुळतं त्यांतला नवा संच खरा मानायचा. लॉगचा नियम मोडूनही सुरक्षितता टिकते ती यामुळे.

दुसरी सोय म्हणजे जर्नल. मोजक्याच नोंदी बदलल्या असतील तर त्यासाठी नॅट-ब्लॉक लिहीतच नाहीत. सेगमेंट-सारांशाच्या (सेगमेंटमधला कोणता ब्लॉक कोणाचा हे सांगणाऱ्या) ब्लॉकात ५०७ बाइट मोकळे ठेवलेले आहेत, त्यात नॅटच्या ३८ नोंदी किंवा सिटच्या (सेगमेंटांच्या हिशेबाच्या तक्त्याच्या) ६ नोंदी मावतात. चेकपॉइंटबरोबर हे सारांश लिहायचेच असतात, त्यांतच हे काम उरकतं.

बिनचूक

धागाकर्त्यांच्या उदाहरणात एक दुरुस्ती. एफटूएफएसमध्ये डीफॉल्ट सेटिंगला तो ब्लॉक नव्या जागी जाणारच नाही. एफसिंकच्या वेळी फाइलची डर्टी (बदललेली पण अजून न लिहिलेली) पानं ८ किंवा त्याहून कमी असली, किंवा एफडेटासिंक (डेटा आणि तो वाचायला लागणारी माहिती एवढंच टिकवणारी मागणी) असलं, तर आधीच जागा मिळालेला ब्लॉक जागच्या जागीच लिहिला जातो. पत्ता बदलत नाही, म्हणून डायरेक्ट नोडही डर्टी होत नाही. साध्या एफसिंकला बदलाची वेळ टिकवण्यासाठी आयनोड लिहावा लागतो. एफडेटासिंकला, आकार बदलला नसेल तर, तोही टळतो.

८ चा आकडा सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंगच्या फोल्डरातल्या) मिन-एफसिंक-ब्लॉक्स या फाइलीत आहे. एलएफएस मोडमध्ये (नेहमी नव्या जागीच लिहायचं या सेटिंगने) माउंट केलं तर ही पळवाट बंद होते आणि कर्नलवाचक यांनी सांगितलेले दोन ब्लॉक लागतात (साध्या एफसिंकला वर आयनोडही). बेंचमार्कची तुलना करताना मोड लिहिलेला नसेल तर ते आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका, कारण एकात लॉग मोजला जातोय आणि दुसऱ्यात जागच्या जागी लिखाण.

नोंदवही

बरोबर, हे लिहायला हवं होतं. पुढचं सगळं गणित ब्लॉक खरोखर नव्या जागी जातो असं धरून वाचावं: एलएफएस मोड, किंवा एफसिंकशिवाय मागून होणारं नेहमीचं लिखाण.

शिकाऊ_स्टोरेज

नोडपाशी तोडून एवढा फायदा होत असेल तर आणखी एक पायरी खाली का नाही? प्रत्येक डेटा-ब्लॉकालाच कायमचा क्रमांक दिला तर डायरेक्ट नोडही हलवावा लागणार नाही ना?

कर्नलवाचक

@शिकाऊ_स्टोरेज, नेमकं हेच निलएफएस२ या फाइलसिस्टिममध्ये केलेलं आहे (जपानच्या एनटीटी कंपनीत तयार झाली, लिनक्स २.६.३० पासून मुख्य कर्नलमध्ये, २००९). तिथे बी-ट्रीत (पत्त्यांच्या झाडात) खऱ्या पत्त्याऐवजी आभासी ब्लॉक-क्रमांक असतो आणि डॅट नावाची फाइल त्या क्रमांकाचा खरा पत्ता सांगते. मात्र फायदा कुठे होतो तो नीट पाहा. वापरकर्त्याने ब्लॉक बदलला की नवा आभासी क्रमांक दिला जातो, कारण जुनी आवृत्ती स्नॅपशॉटसाठी (फाइलसिस्टिमच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेसाठी) जपायची असते. म्हणजे साध्या लिखाणात झाड हलतंच. फायदा क्लीनरला होतो. त्याने जिवंत ब्लॉक उचलून दुसरीकडे ठेवला की डॅटमधली एक नोंद बदलली, काम झालं. पन्नास स्नॅपशॉट त्या ब्लॉकाकडे बोट दाखवत असले तरी एकालाही हात लावायला नको.

याची किंमत अशी. डॅटची एक नोंद ३२ बाइटची आणि ती प्रत्येक ४ केबीच्या ब्लॉकामागे एक, म्हणजे सुमारे ०.८ टक्के. १ टीबी डेटासाठी ८ जीबी नकाशा. हा एरवी स्मृतीत मावत नाही, म्हणून विस्कळीत वाचनात डॅटचा ब्लॉक आणायला एक जादा फेरी पडू शकते. एफटूएफएसच्या नॅटमध्ये मोठ्या फाइलींसाठी ९ बाइटची एक नोंद सुमारे ४ एमबी डेटा सांभाळते. एका नॅट-ब्लॉकात ४५५ नोंदी, म्हणजे एक ब्लॉक जवळपास १.८ जीबी डेटाचा पत्ता ठेवतो. १ टीबीला ६०० च्या आत ब्लॉक, अडीच एमबीसुद्धा नाही. हा सगळा नकाशा कायम स्मृतीत ठेवता येतो.

लहान फाइलींचं गणित वेगळं आहे. तिथे प्रत्येक फाइलीमागे एक आयनोड, म्हणजे नॅटची एक नोंद. १०,००,००० फाइलींना २,२०० च्या आसपास नॅट-ब्लॉक, साधारण ८.६ एमबी. अजूनही आटोक्यात, पण नोड-क्रमांक विखुरलेले असतील तर एका चेकपॉइंटला त्यातले बरेचसे ब्लॉक डर्टी होतात.

बीजगणिती

नॅटवर सगळे बोलतात, सिटकडे कोणी पाहत नाही. मेटाडेटाचं खरं ओझं बऱ्याचदा सिटमुळे पडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सिट हा सेगमेंटचा हिशेब: प्रत्येक २ एमबी सेगमेंटमागे ७४ बाइट. त्यात २ बाइट वैध ब्लॉकांची संख्या, ६४ बाइट बिटमॅप (५१२ ब्लॉकांना ५१२ बिट) आणि ८ बाइट बदलाची वेळ. एका सिट-ब्लॉकात ५५ नोंदी बसतात. १ टीबीमध्ये ५,२४,२८८ सेगमेंट, म्हणजे ९,५३३ सिट-ब्लॉक, सुमारे ३७ एमबी. दोन प्रती धरून ७४.

आता मोठ्या भरलेल्या व्हॉल्यूमवर १,००० ब्लॉक विस्कळीतपणे बदला. नवे ब्लॉक सलग लिहिले जातात, दोन-तीन सेगमेंटांत मावतात. त्या बाजूने सिटच्या दोन-तीनच नोंदी बदलतात. पण जुने १,००० ब्लॉक कुठे होते? व्हॉल्यूमभर विखुरलेले. प्रत्येकाच्या सेगमेंटच्या बिटमॅपमध्ये एक बिट उतरवायचा. ९,५३३ ब्लॉकांत १,००० बदल यादृच्छिक पडले तर सरासरी ९५० वेगवेगळे सिट-ब्लॉक डर्टी होतात. जर्नलात मावतात ६ नोंदी, तेव्हा तिचा इथे काहीच उपयोग नाही. ४ एमबी डेटासाठी ३.७ एमबी सिट. नोड-ब्लॉक अजून धरलेलेच नाहीत.

याच व्हॉल्यूमवर दोन चेकपॉइंटांच्या मध्ये ५०,००० ब्लॉक बदलू द्या. आता जवळजवळ सगळेच सिट-ब्लॉक डर्टी होतील, पण ते एकदाच लिहिले जातील: १९५ एमबी डेटामागे ३७ एमबी, म्हणजे १९ टक्के. मघाशी ९० टक्क्यांच्या वर होते. रचना तीच, तक्ता तोच, बदललं ते फक्त चेकपॉइंटमधलं अंतर. स्प्राइटच्या लोकांचा ३० सेकंदांबद्दलचा अंदाज का पटतो ते यावरून कळेल.

म्हणून कोणी स्वतः अशी रचना करत असेल तर मोकळ्या जागेच्या हिशेबाची नोंद आणि त्याचं लिखाण यांची सांगड नीट घाला. नव्या ब्लॉकांचा हिशेब सलग असतो, जुन्यांचा कधीच नसतो. जर्नल मोठी ठेवली तर हा खर्च पुढे ढकलता येतो, शून्य करता येत नाही.

तळटीप

@बीजगणिती, मग चेकपॉइंटचं अंतर सरळ वाढवायचं का? डीफॉल्ट ६० सेकंद आहे, ३०० केलं तर?

बीजगणिती

वाढवता येतं, पण तीन गोष्टी बिघडू शकतात. पहिली, एफसिंक न केलेला जास्त डेटा धोक्यात राहतो. दुसरी, एफसिंक केलेला डेटा चेकपॉइंटनंतरच्या नोडांच्या साखळीवरून परत मिळवला जातो (प्रत्येक नोडच्या फूटरमध्ये पुढच्या नोडचा पत्ता आणि चेकपॉइंटची आवृत्ती असते, आवृत्ती जुळत असेपर्यंत पुढे जायचं). ती साखळी लांबली की अपघातानंतर माउंट व्हायला वेळ लागतो.

तिसरी सगळ्यांत जास्त त्रास देते. पूर्ण रिकामा झालेला सेगमेंट लगेच वापरता येत नाही. जुना चेकपॉइंट अजून त्याच्याकडे बोट दाखवत असतो, म्हणून पुढचा चेकपॉइंट होईपर्यंत तो अडकून राहतो. व्हॉल्यूम ८५-९० टक्के भरलेला असताना अंतर वाढवलं तर जागा असूनही मिळत नाही, फोरग्राउंड क्लीनिंग (लिखाण थांबवून साफसफाई) सुरू होतं आणि लिखाणाला झटके बसतात. भरपूर मोकळी जागा असेल तरच हा उपाय करा. शिवाय डर्टी नॅट-नोंदींचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं (डीफॉल्ट १० टक्के) की तुम्ही सांगितलेल्या वेळेआधीच चेकपॉइंट होतो. त्यामुळे सेटिंगमध्ये ३०० लिहिलंय म्हणजे ३०० सेकंदच मिळतात असं समजू नका.

बिनचूक

अंतर वाढवण्याआधी नको तिथे होणारे चेकपॉइंट बंद करा. एफटूएफएसमध्ये एफसिंक स्वस्त आहे, कारण तो फक्त नोडवर खूण करून लिहितो आणि चेकपॉइंट टाळतो. पण काही परिस्थितींत ही सवलत मिळत नाही आणि प्रत्येक एफसिंकमागे अख्खा चेकपॉइंट होतो:

– डिरेक्टरीवर एफसिंक केलं तर. सवलत फक्त साध्या फाइलींना आहे.
– फाइलीला एकापेक्षा जास्त हार्डलिंक (त्याच फाइलीची वेगवेगळी नावं) असतील तर. हार्डलिंकांवर चालणारे बॅकअप ज्या फाइलींना जोडून ठेवतात, त्यांवर डेटाबेस चालवला की तो असा मंद होतो आणि कारण पटकन सापडत नाही.
– ज्या डिरेक्टरीत फाइल आहे ती डिरेक्टरीच अजून चेकपॉइंटमध्ये गेली नसेल तर. "नवी डिरेक्टरी, त्यात एक फाइल, एफसिंक, पुन्हा नवी डिरेक्टरी" असा क्रम याच कारणाने वाईट.
– सक्रिय लॉगांची (एकाच वेळी चालणाऱ्या लेखनप्रवाहांची) संख्या २ केली असेल तर. स्मृती वाचवायला कोणी ६ चे २ करतं आणि एफसिंकचा सगळा फायदा घालवून बसतं.
– कॉम्प्रेस केलेली फाइल असेल तर.

एसक्यूलाइट या डेटाबेसचं उदाहरण यात चपखल बसतं. रोलबॅक जर्नलच्या (व्यवहार उलटवता यावा म्हणून जुनी माहिती ठेवणाऱ्या फाइलीच्या) डिलीट पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला जर्नल-फाइल नव्याने तयार होते आणि तिच्यासोबत डिरेक्टरीही सिंक होते. म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे एक चेकपॉइंट. वॉल पद्धतीत (बदल आधी वेगळ्या लॉग-फाइलीत लिहायचे) किंवा पर्सिस्ट पद्धतीत फाइल तशीच राहते, त्यामुळे हा खर्च पहिल्यांदाच होतो. फाइलसिस्टिमला हात न लावता होणारी एवढी मोठी सुधारणा दुसरी नाही.

अनेक प्रक्रिया एकाच वेळी चेकपॉइंट मागत असतील तर चेकपॉइंट-मर्ज हा माउंट पर्याय (लिनक्स ५.१२ पासून) चालू करा. मागण्या एका कर्नल-थ्रेडकडे गोळा होतात आणि एकाच चेकपॉइंटमध्ये भागवल्या जातात. एकट्याच प्रक्रियेला याचा उपयोग नाही.

निळी_शाई

क्लीनरबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून भर घालते. क्लीनिंगचा खर्च नेहमी २/(१−यू) या सूत्राने सांगतात, यू म्हणजे सेगमेंट किती भरलेला आहे. ५० टक्क्यांना ४, ८० टक्क्यांना १०, ९० टक्क्यांना २०. या सूत्रात फक्त उचललेले ब्लॉक आहेत. त्यांच्या पत्त्यांचा खर्च त्यात नाही, आणि मेटाडेटाची रचना नेमकी तिथेच कामी येते.

एफटूएफएसमध्ये एक सेगमेंट साफ करताना आधी एसएसएमधला (सेगमेंट-सारांशांच्या भागातला) सारांश वाचतात. प्रत्येक ब्लॉकामागे ७ बाइट: मालक-नोडचा क्रमांक, आवृत्ती आणि नोडमधलं स्थान. मग तो नोड वाचून तिथला पत्ता याच ब्लॉकाचा आहे का ते पडताळतात, ब्लॉक नव्या जागी नेतात, नोड डर्टी करतात. समजा सेगमेंटमध्ये ३०० जिवंत ब्लॉक आहेत. ते एकाच मोठ्या फाइलीचे आणि लागोपाठचे असतील तर एक किंवा दोन नोड पुरतात. ३०० वेगवेगळ्या फाइलींचे असतील तर ३०० नोड वाचायचे आणि ३०० नोड पुन्हा लिहायचे. यू दोन्हीकडे तोच, खर्च दुप्पट आणि वर विस्कळीत वाचन. निलएफएस२ चा डॅट इथे उजवा ठरतो: त्या ३०० ब्लॉकांचे आभासी क्रमांक जवळजवळचे असतील तर डॅटचे तीन-चार ब्लॉक बदलून भागतं (एका ब्लॉकात १२८ नोंदी).

म्हणून नोड आणि डेटा वेगळ्या लॉगांत ठेवणं फार महत्त्वाचं आहे. एफटूएफएसमध्ये सहा लॉग: नोडांचे तीन, डेटाचे तीन. डिरेक्टरींचे डायरेक्ट नोड हॉट, फाइलींचे वॉर्म, इनडायरेक्ट नोड कोल्ड. डेटात डिरेक्टरीच्या नोंदी हॉट, वापरकर्त्याचा सामान्य डेटा वॉर्म, क्लीनरने हलवलेला आणि मल्टिमीडिया फाइलींचा डेटा कोल्ड. डायरेक्ट नोड वारंवार मरतात, त्यांचे सेगमेंट आपोआप रिकामे होत जातात. तेच नोड डेटात मिसळले तर प्रत्येक डेटा-सेगमेंटला भोकं पडतात आणि क्लीनरचं काम वाढतं.

एक सावधगिरी: खाली साधी एसएसडी असेल तर तिच्या आतही स्वतःचं क्लीनिंग चालू असतं. सहा लॉग आतमध्ये पुन्हा एकाच प्रवाहात मिसळले जाऊ शकतात, मग वरची वर्गवारी आत पोहोचतच नाही. फाइलसिस्टिमला रिकामे वाटणारे सेगमेंट डिस्कार्डने (ही जागा आता मोकळी आहे या सूचनेने) वेळेवर कळवले नाहीत तर आतला क्लीनर मेलेले ब्लॉक जिवंत समजून वाहत बसतो. डिस्कार्ड बंद ठेवून लॉगचे गुण अजमावू नका.

शिकाऊ_स्टोरेज

लहान फाइली आणि डिरेक्टरींसाठी काय करता येतं?

कर्नलवाचक

लहान फाइलींना इनलाइन डेटा. सुमारे ३.४ केबीपर्यंतचा डेटा आयनोडच्याच ब्लॉकात, ९२३ पत्त्यांच्या जागी बसतो. १ केबीच्या फाइलीला ८ केबीऐवजी ४ केबी लिहावे लागतात, आणि वाचताना एकच ब्लॉक आणावा लागतो. छोट्या डिरेक्टरींच्या नोंदीही तशाच आत राहतात.

मोठ्या डिरेक्टरींत नावांच्या लांबीकडे लक्ष द्या. डिरेक्टरीच्या एका ब्लॉकात २१४ कप्पे, प्रत्येक कप्प्यात नावाचे ८ बाइट. ३० अक्षरी इंग्रजी नावाला ४ कप्पे, म्हणजे ब्लॉकात ५३ नावं. देवनागरी नाव असेल तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, त्यामुळे हाच आकडा आणखी खाली येतो.

रचना पातळ्यांच्या हॅशची आहे. प्रत्येक पुढच्या पातळीत बादल्या दुप्पट, सुरुवातीच्या पातळ्यांत एका बादलीत २ ब्लॉक. शोधताना प्रत्येक पातळीची एक बादली पाहतात. १०,००,००० आखूड नावांना किमान १२ पातळ्या लागतात, म्हणजे नसलेलं नाव शोधायला २४ ब्लॉकांपर्यंत चाळावे लागतात. "फाइल आहे का" असं सतत विचारणाऱ्या प्रोग्रामला हे जाणवतं. नावाच्या हॅशच्या पहिल्या दोन हेक्स अक्षरांवरून २५६ उपडिरेक्टरी करा, प्रत्येकीत ४,००० च्या आसपास नावं राहतील आणि पातळ्या ४ वर येतील. मात्र त्या सगळ्या आधीच तयार करून एकदा सिंक करून ठेवा. बिनचूक यांनी सांगितलेला नव्या डिरेक्टरीचा चेकपॉइंट मग वाट्याला येत नाही.

तळटीप

हे सगळं मोजायचं कसं? वेळ मोजून मेटाडेटाचा वाटा कळत नाही.

बिनचूक

१. आधी व्हॉल्यूम जुना करा. नव्या कोऱ्या व्हॉल्यूमवर कोणतीही लॉग-रचना सुंदर दिसते, कारण क्लीनर चालतच नाही. ८० टक्के भरा, खऱ्या लिखाणाने भरा (जागा नुसती राखून ठेवू नका), मग क्षमतेच्या दोन-तीन पट विस्कळीत बदल करा.

२. सिसएफएसमधलं आयओस्टॅट-इनेबल १ करा. प्रॉकखाली एफटूएफएसच्या फोल्डरात त्या उपकरणाची आयओस्टॅट-इन्फो फाइल वाचा. तिच्यात फाइलसिस्टिमने लिहिलेला डेटा, नोड आणि मेटा यांचे बाइट वेगळे मिळतात. क्लीनरमुळे आणि चेकपॉइंटमुळे लिहिलेलेही वेगळे मिळतात.

३. चाचणीच्या आधी आणि नंतर आकडे घ्या, वजाबाकी करा, ॲप्लिकेशनच्या डेटाने भागा. नोडचा भागाकार मोठा आला तर फाइलींची मांडणी किंवा एफसिंकची पद्धत तपासा. मेटाचा मोठा आला तर चेकपॉइंट किती झाले ते डीबगएफएसच्या स्टेटसमध्ये पाहा आणि वर दिलेली कारणं एकेक करून बाद करा. क्लीनरचे आकडे मोठे आले तर मेटाडेटाचा दोष नाही, जागा कमी आहे.

४. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक वेळी व्हॉल्यूम पुन्हा त्याच जुन्या अवस्थेत आणा.

शिकाऊ_स्टोरेज

शेवटचा प्रश्न. नॅट आणि सिटला ठरलेली जागा लागते. झोन्ड उपकरणावर (जे प्रत्येक पट्ट्यात, म्हणजे झोनमध्ये, सलगच लिहू देतं) तर जागच्या जागी लिहिताच येत नाही. मग?

निळी_शाई

म्हणूनच तिथे सुरुवातीचे काही पारंपरिक झोन लागतात, ज्यांत कुठेही लिहिता येतं. ते नसतील तर मेटाडेटासाठी दुसरं छोटं साधं उपकरण जोडायचं आणि मुख्य भाग झोन्ड उपकरणावर ठेवायचा. १ टीबीला सिटच्या दोन प्रती ७४ एमबी आणि एसएसए सुमारे २ जीबी (प्रत्येक २ एमबी सेगमेंटमागे ४ केबी), त्यावर नॅट आणि चेकपॉइंट. तेव्हा टीबीमागे ३ जीबी तरी धरा. सेक्शनचा (क्लीनर एका वेळी साफ करतो त्या सेगमेंट-गटाचा) आकार झोनएवढा ठेवा, माउंट एलएफएस मोडमध्येच होईल, आणि सहा लॉग म्हणजे सहा उघडे झोन हे उपकरणाच्या मर्यादेत बसतंय का ते आधी पाहा.

ठरलेली जागा मुळातच नको असेल तर यूबीआयएफएस या कच्च्या फ्लॅशसाठीच्या फाइलसिस्टिमची वाट आहे. कच्च्या फ्लॅशवर एकाच जागी पुन्हापुन्हा लिहिणं परवडत नाही, म्हणून तिने वाँडरिंग ट्री तशीच ठेवली पण तिचं लिखाण लांबणीवर टाकलं. नव्या नोंदी जर्नलच्या इरेज-ब्लॉकांत (फ्लॅशच्या एकदम पुसल्या जाणाऱ्या तुकड्यांत) जातात, झाडातले बदल स्मृतीत साठतात आणि कमिटच्या वेळी फक्त अनुक्रमणिका लिहिली जाते. डेटा दुसऱ्यांदा हलवावा लागत नाही, तो जिथे लिहिला तिथेच राहतो. जर्नल मोठी ठेवली तर अनुक्रमणिका कमी वेळा लिहावी लागते, आणि अपघातानंतर माउंट करताना तेवढी जास्त जर्नल वाचावी लागते.